जिती तार

वाटणी कशी करावी हे खापा गावच्या भैयाजीला कोणी शिकवायला गेलं नाही, हेच तिथल्या कोष्टीपुऱ्याचं दुर्दैव. भैयाजी पंच. त्याचा न्याय सोपा होता. घरात जी वस्तू दोन आहे ती एकेक करायची, आणि जी एकच आहे ती एकाला देऊन दुसऱ्याच्या तोंडावर दुसरं काही मारायचं. देवाजी आणि रुपराव या सख्ख्या भावांचं घर त्यानं अशाच रीतीनं एका दुपारीत वाटून टाकलं. माग दोन होते, ते एकेकाला गेले. मधे मातीची भिंत घालायची ठरली. खिडकी रुपरावच्या वाट्याला गेली म्हणून रस्त्याकडचं दार देवाजीला. न्हाणी रुपरावला गेली म्हणून आवारातलं लिंबाचं झाड देवाजीला. मोठं कोण, खरी नड कोणाला, हे बघायला भैयाजीला वेळ नव्हता. त्याला जेवायला बोलावलं होतं.

भांडण तरी कशाचं? कांड्यांचं. मागावर इकडून तिकडे फेकायच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या दोन्ही मागांसाठी देवाजीची बायको अंजनाबाई भरायची आणि रुपरावची बायको मीराबाई चूल आणि पाणी बघायची. बाप होता तोवर चाललं. बाप गेला आणि महिनाभरात रुपरावच्या लक्षात आलं की त्याच्या कांड्या नेहमी मागून येतात. मग एकदा तो बोलला, देवाजी त्यावर दोनदा बोलला, आणि गोष्ट भैयाजीपर्यंत गेली.

सगळं वाटून झाल्यावर भैयाजीची नजर आढ्याकडे गेली. ओसरीवरच्या मीटरमधून निघालेल्या दोन तारा एकमेकींना पिळा घालून आढ्यावरून आल्या होत्या आणि घराच्या मधोमध बल्ब लोंबत होता.

"ह्या तारा किती हायेत गा?" भैयाजीनं विचारलं.

"दोन," रुपराव म्हणाला.

"मंग अडलं काय? भाऊ दोन, तारा दोन. एकेक घ्या."

कोणी हसलं नाही. उलट सगळ्यांना बरंच वाटलं, कारण इतकी सरळ वाटणी बाकी कशाचीच झाली नव्हती. भिंत उभी राहिली त्या दिवशी शिडी लावली, पीळ सोडवला, एक तार भिंतीच्या अलीकडे ठोकली, दुसरी पलीकडे. रुपरावनं जुना बल्ब घेतला, देवाजीनं नवा आणला. संध्याकाळी दोघांनी आपापली बटणं दाबली. दोन्हीकडे अंधार.

देवाजीला वाटलं रुपरावनं पलीकडून काही केलं. रुपरावला वाटलं देवाजीनं केलं. रुपराव तिरीमिरीत शिडीवर चढला आणि तारेच्या उघड्या टोकाला बोट लावलं. काही झालं नाही. त्यानं भिंतीवरून ओरडून सांगितलं, "माही तार मेली हाये!" ते ऐकून देवाजीनं आपल्या तारेला बोट लावलं आणि तो शिडीवरून खाली आला. पायऱ्या न मोजता.

मग तर रुपरावला पुरावाच मिळाला. त्यानं भैयाजीला बोलावून आणलं. "पाहा भैयाजी! यानं जिती तार घेतली अन् मले मेली देली. लहान हाओ म्हनून!"

भैयाजीनं पानाला चुना लावत विचार केला. "बरोबर हाये याचं. पाळी लावू. विहिरीच्या पान्याची लावतो ना, तशी. जिती तार एक महिना मोठ्याकडे, एक महिना लहान्याकडे."

दोघांनी माना डोलावल्या. उजेड अजून कोणाकडेच नव्हता, पण पाळी ठरली.

देवाजीचा जीव खरा टांगणीला लागला होता तो वेगळ्याच कारणानं. भिंत उभी राहिल्यापासून त्याचा माग भर दुपारी काळोखात होता. खिडकी पलीकडे गेलेली. रस्त्याकडच्या दारातून उजेड यायचा तो उंबऱ्यापाशीच बसायचा, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातल्या मागापर्यंत येत नव्हता. देवाजीचे डोळे पन्नाशीला आलेले. बारीक सुताच्या नऊवारी पातळात एखादी तार तुटली की तशीच पुढे विणली जायची आणि कापडावर फट राहायची. सूत देणारे चंपतराव डोळ्यांनी नाही, बोटांनी कापड वाचत. मागची दोन पातळं त्यांनी तशीच परत केली होती.

"देवाजी, हे तिसरं पातळ," ते म्हणाले होते. "याच्यात फट दिसली तं सूत दुसऱ्याले. माह्यावर राग नोको धरू. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी आन."

सूत बंद म्हणजे माग बंद. मागाशिवाय देवाजीला दुसरं काही येत नव्हतं. खाणीवर जाऊन दगड उचलायचं वय गेलं होतं, आणि शेत त्याच्या बापाच्याही बापाकडे नव्हतं. जिती तार त्याच्याकडे राहण्याची पाळीही नेमकी त्याच सोमवारी संपत होती.

त्यानं मधुकरला बोलावलं. मधुकर वायरमन. लग्नाच्या मांडवात लायटिंग लावायचा, भोंगे लावायचा, आणि आपल्याशिवाय खाप्यात कोणाचं लग्न लागत नाही असं त्याला खरोखरच वाटायचं. त्यानं छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटला.

"कोन्या बुद्धीच्या सागरानं वाटल्या गा तारा?"

"हसू नोको. बत्ती काहून लागत नाही ते सांग."

"अरे, करंट एका तारेनं येते अन् दुसरीनं वापस जाते. खांबावरच्या डीपीतून निघते, बल्बात जाते, फिरून डीपीत. वापस जायले रस्ता नाही तं तो येतच नाही. दारात उभा राह्यते जावयासारखा." त्यानं मागावरचा धोटा उचलला. "हे काय हाये? इकडून तिकडे फेकतोस, मंग तिकडून इकडे. नुसता तिकडेच फेकला तं कापड होईन का? जिंदगीभर धोटा फेकून राहिला तू, अन् हे मले विचारते?"

देवाजीच्या हातातून काही फेकलं गेलं नाही ते मधुकरचं नशीब. समोरचा माणूस खरं बोलतो आणि वर आपल्याच हत्यारानं समजावतो, याच्यासारखा संताप नाही.

"मंग वापसीची तार लावून दे."

"ती तुह्या भावाकडे हाये. त्याले म्हन."

"मेलो तरी म्हननार नाही."

मधुकरनं मान खाजवली. त्याला ज्ञान होतं, अक्कल बेताची होती. "मंग जमिनीतून वापस पाठव. डीपीजवळ त्याहीनं एक तार जमिनीत गाडलीच राह्यते. तू इथं एक सळाख गाड, बल्बाची दुसरी तार तिले बांध. करंट मातीतून चालत डीपीत जाईन. पन माती ओली पाह्यजे. कोरड्यातून त्याले चालवत नाही." जाता जाता दारातून तो म्हणाला, "अन् बत्ती चालू असताना सळाखीले हात नोका लावू कोनी."

शहाण्या माणसानं सळई न्हाणीच्या ओलीत गाडली असती. न्हाणी रुपरावची. म्हणून ती बाहेर, मागाच्या पाठीमागच्या भिंतीला लागून, लिंबाच्या झाडाखाली, टणक मुरमात गाडावी लागली. अंजनाबाईनं वर पितळेचे दोन गुंड भरून पाणी ओतलं, देवाजीनं बटण दाबलं आणि बल्ब लागला. पलीकडून रुपरावनं खिडकीतून डोकं काढून पाहिलं आणि खिडकी आपटली.

त्या वर्षी मिरग कोरडा गेला. आभाळ रोज दुपारी काळं व्हायचं, वारा सुटायचा, आणि संध्याकाळपर्यंत सगळं पुसल्यासारखं साफ. मोहल्ल्यातल्या विहिरीनं तळ दाखवला होता. बायका कन्हान नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीनं पाणी भरत. एक गुंड भरायला इतका वेळ लागायचा की बसल्या बसल्या पायाला मुंग्या यायच्या. मग डोक्यावर दोन गुंड आणि पायाखाली तापलेली वाळू. प्यायला, स्वयंपाकाला, आंघोळीला. आता त्यात सळई आली.

मुरूम पाणी पिऊन टाकी. सकाळी ओतलेलं दुपारपर्यंत जाई. बल्ब आधी पिवळा होई, मग तांबडा, आणि मग नुसती आतली तार निखाऱ्यासारखी दिसे. खड्ड्यातून देवाजीची हाक येई.

"पानी टाक वं!"

अंजनाबाई हातातली कांडी ठेवून उठे. नियम असा ठरला होता की तिनं आधी दाराजवळचं बटण बंद करायचं, पाणी ओतायचं, आणि मग चालू करायचं. दोन-तीन दिवस तसं झालं. पण बटण बंद केलं की देवाजीचा धोटा मधेच अडकायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची, पुन्हा उजेड आल्यावर कोणती तार कुठे होती ते सापडायचं नाही.

"बंद नोको करत जाऊ," एकदा तो खेकसला. "वरून ओत अन् हो बाजूले. हात लावू नोको म्हंजे झालं."

"मधुकरभाऊ म्हनत होते..."

"मधुकर काय पातळ विनून राहिला का? तुले पातळ पाह्यजे का मधुकर?"

तिनं पदर खोचला आणि बटण चालू ठेवून पाणी ओतायला लागली. शेजारणी कुंपणावरून बघत. "काहून वं अंजना, पिंड हाये का महादेवाची? रोज अभिषेक करून राहिली!" अंजनाबाई हसायची नाही. नदीवरून मानेच्या शिरा तुटेपर्यंत आणलेलं पाणी लोखंडाला पाजायचं, आणि घरात भांडी राखेनं कोरडी घासायची. तिला त्या सळईचा राग यायचा, त्या तारेचा यायचा, आणि सगळ्यात जास्त खड्ड्यातून येणाऱ्या त्या हाकेचा. पण पातळावर फट पडली तर काय होईल तेही तिला पक्कं ठाऊक होतं.

झिऱ्यावर मीराबाई भेटायची. दोघी बोलायच्या नाहीत, नवऱ्यांची शपथ होती. पण वाळू ढासळली तर एकीनं दुसरीचा गुंड धरावा एवढं शपथेत बसत होतं.

शनिवारी दुपारी पदर विणायला घेतला. पदर म्हणजे खरं काम. चंपतरावांची बोटं आधी तिथंच जाणार. सकाळपासून उष्ण वारा होता. लिंबाची पानं गळून सळईभोवती गोल गोल फिरत होती. मुरूम इतका सुकला होता की सळईच्या भोवती बोटभर फट पडली होती आणि वाऱ्यानं सळई हलत होती. आत बल्ब तांबडा झाला.

"पानी!"

अंजनाबाई नुकतीच नदीवरून आली होती. डोक्यावरचा गुंड उतरवलाही नव्हता. अंगावर पाणी सांडून लुगडं ओलं, हात ओले, पाय ओले. ती तशीच मागं गेली आणि गुंड रिता केला. पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून गेलं, माती वरवर भिजली. बल्ब होता तसाच.

"अवं टाकलं का नाही? दिसत नाही काही!"

"टाकलं! सळाखच ढिली झाली!"

"मंग दाब ना तिले!"

आता तो म्हणाला ते पायानं माती दाब असं म्हणाला, की हातानं सळई दाब असं, हे त्याला नंतर कितीही आठवून सांगता आलं नाही. अंजनाबाई वैतागली होती. तिनं वाकून पायानं माती लोटली आणि हलणारी सळई सरळ करायला उजव्या हातानं धरली.

आत देवाजीच्या डोक्यावरचा बल्ब तांबड्याचा पिवळा झाला. काठाची तार न् तार दिसायला लागली. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं धोटा फेकला, फणी ओढली, परत फेकला.

"हां!" तो मोठ्यानं म्हणाला. "आता बरं पडलं! असंच राहू दे, हलवू नोको!"

त्यानं आणखी काही फेऱ्या घातल्या. सुंदर पडल्या. आणि बल्ब गप्पकन विझला.

"कोनं बंद केली?" देवाजी ओरडला. "अवं रांडेचे, पदर चालू हाये माहा! कोनं बंद केली?"

दारात मीराबाई उभी होती, खिडकीतून पाहून धावत आलेली. हात अजून बटणावर. भासऱ्यापुढे, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, तिनं लग्न झाल्यापासून तोंड उघडलं नव्हतं, पदर कपाळावरून सरकू दिला नव्हता. आता पदर खांद्यावर पडला होता.

"मी केली," ती म्हणाली. "बाहेर या. जाऊबाई पडली."

अंजनाबाई लिंबाखाली कुशीवर पडली होती. डोळे उघडे, दात आवळलेले, उजव्या हाताची बोटं कोंबडीच्या पायासारखी आत वळलेली. तळव्यावर सळईच्या जाडीची पांढरी रेघ. बाजूला गुंड लोळत होता. रुपराव न्हाणीतून धावत आला. दोघा भावांनी तिला खाटेवर घातलं आणि दवाखान्याकडे निघाले. शहाण्यासारखे गेले असते तर ते भाऊ कसले?

"जिती तार तुह्याकडेच ठेवाची होती ना! ठेव आता!" रुपराव मागच्या बाजूनं म्हणाला.

"वाटनी कोनं मांगतली होती? कांड्या पाह्यजे होत्या तुले!"

"मी मांगतली, पन मेली तार काहून मीच घ्यावी?"

खाटेवर अंजनाबाई डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत होती.

डॉक्टरांनी तळहाताला मलम लावलं आणि सांगितलं की जीव वाचला, पण बोटांतली जाण परत यायला वेळ लागेल. किती, ते सांगता येत नाही. येईलच असंही नाही.

रविवारी सकाळी दोघे भाऊ भैयाजीकडे गेले. कोणी त्यांना पाठवलं नव्हतं. वाटणीत चूक कुठे झाली ते पंचानं सांगावं असं दोघांनाही वाटत होतं, म्हणजे चूक दुसऱ्याची आहे असं सांगावं. भैयाजीनं दुपारपर्यंत दोघांचं ऐकलं. मग निकाल दिला. जिती तार घातक आहे असं दिसतं, म्हणून ती दोघांकडेही नको. ती तोडून, गुंडाळून पंचाकडे ठेवावी.

देवाजी पहिल्यांदाच पंचासमोर ओरडला. "अन् माहं पातळ? उद्या सोमवार हाये!"

"ते पातळ वाटनीत नोतं," भैयाजी म्हणाला.

दोघे घरी परतले ते एकमेकांपासून चार हात अंतर ठेवून. रुपराव आपल्या बाजूनं आत शिरला आणि ओरडला. देवाजी आपल्या दारातून आत गेला आणि उभाच राहिला.

भिंतीला भोक पडलं होतं. चांगलं परात मावेल एवढं. खाली मातीचा ढीग, त्यात लोखंडी सब्बल टेकलेली. भोकात बल्ब लोंबत होता आणि त्याला दोन तारा होत्या, एक या बाजूनं आलेली, एक त्या बाजूनं. मधुकर भोकातून हात घालून गाठीला पट्टी गुंडाळत होता. आज तो हसत नव्हता. पलीकडे मीराबाई मातीनं माखलेली उभी होती. अलीकडे अंजनाबाई खाली बसून डाव्या हातानं ढेकळं गोळा करत होती. उजवा हात मांडीवर, फडक्यात. सळई उपटून दाराशी टाकली होती.

"भिंत कोनं फोडली?" रुपरावनं विचारलं.

"आमी," मीराबाई म्हणाली. "पुन्हा भैयाजीकडे जाचं असन तं जा. येताना त्याले घेऊनच या. भोक कोनाच्या वाट्याले ते ठरवाले."

मधुकरनं बटण दाबलं. दोन्हीकडे एकदम उजेड पडला. पांढरा, थरथर न करणारा. रुपरावच्या मागावर पडला तेवढाच देवाजीच्या मागावर. रुपराव काहीतरी बोलणार होता, पण उजेडात सगळ्यांची तोंडं दिसत होती, म्हणून तो हात धुवायला गेला.

देवाजी खड्ड्यात उतरला. पदराचं थोडंच काम राहिलं होतं. पावडीवर पाय ठेवले, धोटा घेतला. कालच्या जागेवर त्याची नजर गेली. तांबड्या उजेडात विणलेल्या भागात दोन तारा सुटल्या होत्या, बारीक, पण चंपतरावांच्या बोटांना लागतील अशा. आणि त्याच्या पुढे बोटभर कापड एकदम स्वच्छ, एकही तार इकडची तिकडे नाही. मग पुन्हा अर्धवट ओळ, जिथं बत्ती विझली तिथं. ती बोटभर पट्टी कोणाच्या अंगातून आलेल्या उजेडात विणली गेली ते आता त्याला समजत होतं. त्यानं तिच्यावरून हात फिरवला नाही.

सुटलेल्या दोन तारा त्यानं सुईनं भरून काढल्या. आता दिसत होत्या, म्हणून भरता येत होत्या. मग पुढे विणायला लागला. धोट्यातली कांडी संपली. वीस वर्षांच्या सवयीनं त्यानं मागं न बघता हात मागं केला. हातात काही पडलं नाही. हात तसाच राहिला. मागे अंजनाबाई कांड्या भरायच्या रहाटाशी बसली होती आणि डाव्या हातानं सूत धरायचा प्रयत्न करत होती. सूत सुटून सुटून जात होतं. तिनं ते तिसऱ्यांदा सुटल्यावर रहाटाला लाथ मारली.

भिंतीच्या भोकातून, बल्बाच्या खालून, मीराबाईचा हात आत आला. त्यात एक भरलेली कांडी होती. देवाजीनं ती घेतली.

तो विणत राहिला. पदराची शेवटची पट्टी आली. बोट लावून पाहिलं, काठ सरळ, सूत घट्ट. उद्या चंपतराव काही म्हणू शकणार नव्हते. किती दिवसांनी त्याचे खांदे सैल झाले. आणि उजेडाकडे बघून, काही विचार न करता, त्याच्या तोंडून निघालं, "हां. आता बरं पडलं."

मागे रहाटाचा आवाज थांबला.

"कालबी असंच म्हनले होते तुमी," अंजनाबाई म्हणाली.

देवाजीचा पाय पावडीवर तसाच राहिला.

"ऐकू आलं होतं तुले?"

"समदं ऐकू येत होतं. हात सुटत नोता, कान तं उघडेच होते." तिनं सुटलेलं सूत रहाटावरून काढलं. "असंच राहू दे, हलवू नोको, म्हनले. मी कुठं हलवून राहिली होती."

पलीकडे रुपरावचा माग सुरू झाला होता. देवाजीनं हातातला धोटा फेकला. तो पदरातून सरकत पलीकडच्या काठापाशी जाऊन पडला. तिकडून परत फेकायला त्याचा हात कितीतरी वेळ उठला नाही. वर बल्ब लख्ख जळत होता.